घडीमागचा कोंब

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरच्या रस्त्याला लागलं की मध्य प्रदेशची हद्द ओलांडल्यावर बोरगावची औद्योगिक वसाहत येते. पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत, कामाला येणारी माणसं आसपासच्या संत्र्या-कापसाच्या गावांतली. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. आता सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. रेमंडने १९९१ साली इथे सूटिंगचा कारखाना काढला, ठाणे आणि जळगावनंतरचा. लोकरी सूटिंगच्या कोणत्याही गिरणीत कापड विणून झालं की ते उंचावरच्या रुळावरून खाली सोडून उजेडात धरतात. या कामाला पर्चिंग म्हणतात. तपासनीस समोर उभा राहतो, तुटका धागा, गाठ किंवा विणीतली चूक दिसली की खडूने खूण करतो आणि ते कापड मेंडिंगला, म्हणजे दुरुस्तीला, जातं. मात्र कापड ताणलेलं हवं. घडी राहिली तर घडीच्या पोटातला दोष सुटतो, मग तपासनीस कितीही मुरलेला असो.

मोठं आतडं दुर्बिणीतून तपासणाऱ्या डॉक्टरांची अडचण हीच होती, आणि त्यांच्याकडे ताणायला रूळ नव्हता.

मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. आतून पाहिलं तर दर काही सेंटीमीटरवर एक आडवी घडी आत डोकावते. दुर्बीण गुदद्वारातून घालतात, उजवीकडे लहान आतडं जिथे येऊन मिळतं त्या सीकमपर्यंत नेतात, आणि खरी तपासणी परत येताना करतात. कॅमेरा बघतो पुढे. त्यामुळे घडीची अलीकडची बाजू स्वच्छ दिसते, पलीकडची झाकलेली राहते. यकृताजवळच्या आणि प्लीहेजवळच्या वळणांवर तर आतला कोपरा नजरेतून सहज निसटतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तराला फुटलेला कोंब. बहुतेक कोंब जन्मभर निरुपद्रवी राहतात; पण ॲडेनोमा जातीच्या काहींतून, साधारण दहाएक वर्षांच्या मुदतीत, कर्करोग उभा राहतो. एवढी लांब मुदत देणारे कर्करोग थोडेच. कोंब वेळेत दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो आणि पुढचं सगळं टळतं. प्रश्न दिसण्याचा आहे.

शरीराच्या आत बघण्याचा ध्यास जुना. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ साली मेणबत्ती आणि आरसा बसवलेलं नळकांडं पुढे आणलं, तेव्हा व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्वानांनी नाकं मुरडली. १८६८ मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी जठरात सरळ नळी घालण्यासाठी माणूस शोधला तो तलवार गिळणारा खेळवाला. दुसऱ्या कुणाला ते जमणारच नव्हतं. सरळ नळीने जठर कसंबसं दिसेल, पण वळणावळणाच्या आतड्यात ती जाणार कशी? उजेडाला वळायला शिकवावं लागणार होतं.

हे काम एका भारतीयाच्या हातून झालं. पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करत होते. १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' नियतकालिकात दोघांचा लेख आला: काचेच्या बारीक तंतूंची जुडी केली तर चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेता येतं, जुडी वाकवली तरी. तो वाचून बेसिल हर्शोविट्झ हे तरुण डॉक्टर लंडन गाठून दोघांना भेटले आणि मिशिगनला परतल्यावर कामाला लागले. अडचण एकच होती, एका तंतूतला उजेड शेजारच्या तंतूत गळायचा. त्यांच्याबरोबर काम करणारा लॅरी कर्टिस हा पदवीचं शिक्षण घेत असलेला विद्यार्थी. १९५६ च्या डिसेंबरात त्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचं अस्तर चढवलं आणि गळती थांबली. दोन महिन्यांनी हर्शोविट्झ यांनी ती दुर्बीण आधी स्वतःच्याच घशाखाली घातली. कपानींना आपल्या सरकारने पद्मविभूषण दिलं ते २०२१ साली, मरणोत्तर. उशीर करण्याची आपली परंपरा इथेही मोडली नाही.

जठरानंतर मोठ्या आतड्याची पाळी. १९६५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर लुचानो प्रोव्हेंझाले आणि अंतोनियो रेव्हिन्यास यांनी केलेली करामत आज वाचतानाही अंगावर काटा येतो. त्यांनी रुग्णाला एक लांबलचक बारीक नळी गिळायला लावली. ती सगळी आतडी ओलांडून खालून बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. मग तिच्या खालच्या टोकाला जठराची दुर्बीण बांधली आणि वरून ओढत ओढत सीकमपर्यंत नेली. मोठं आतडं टोकापर्यंत पहिल्यांदा पाहिलं गेलं ते असं. अमेरिकेत बर्गीन ओव्हरहोल्ट यांनी त्याच दशकात आतड्याच्या खालच्या भागासाठी लवचीक दुर्बीण केली. मोठी उडी मात्र न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातली. १९६९ साली विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले हिरोमी शिन्या यांनी ऑलिम्पसची लांब दुर्बीण वापरून संपूर्ण आतडं तपासायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिन्यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन एक पॉलिप विजेवर कापून काढला. त्याआधी आतड्याच्या वरच्या भागातला कोंब काढायचा तर पोट उघडावं लागायचं. आता माणूस संध्याकाळी घरी जाऊ लागला.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या वेल्च ॲलिन कंपनीने दुर्बिणीच्या टोकालाच कॅमेऱ्याची चिप बसवली. एका डोळ्याने नळीत वाकून बघणारा डॉक्टर ताठ उभा राहून टीव्हीकडे बघू लागला, आणि खोलीतल्या सगळ्यांना तेच दिसू लागलं. १९९३ साली अमेरिकेचा राष्ट्रीय पॉलिप अभ्यास प्रसिद्ध झाला. १,४१८ रुग्णांचे ॲडेनोमा काढून पुढे वर्षानुवर्षं नजर ठेवल्यावर दिसलं की अपेक्षेच्या मानाने कर्करोग ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाले. खात्रीचं हत्यार सापडलं असं सगळ्यांना वाटलं, आणि वाटणं साहजिक होतं.

मग १९९७ उजाडलं. इंडियाना विद्यापीठातल्या डग्लस रेक्स यांनी एक साधी पण धाडसाची चाचणी केली. १८३ जणांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली की लगेच, त्याच दिवशी, पुन्हा एकदा तीच तपासणी. पहिल्या फेरीत सापडलेले ॲडेनोमा काढून टाकलेले. दुसऱ्या फेरीत जे सापडतील ते पहिल्या फेरीत सुटलेले. हिशेब आला २४ टक्के. एक सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या कोंबांत सुटलेले ६ टक्के, पाच मिलिमीटरपर्यंतच्या बारीक कोंबांत २७. अनुभवी डॉक्टर, उत्तम यंत्र, तरी चारातला एक निसटत होता. या एका निबंधाने पुढच्या पंचवीस वर्षांचं काम नेमून दिलं. वैद्यकाच्या इतिहासात आपलीच चूक मोजून छापणारी माणसं फार नाहीत; रेक्स यांचं नाव त्यासाठी तरी लक्षात ठेवावं.

घड्या उलगडायचा पहिला उपाय जपानकडून आला, तोही दुसऱ्याच कामासाठी बनवलेला. हारुहिरो इनोउए यांनी अन्ननलिकेतला वरवरचा कर्करोग ओढून कापण्यासाठी १९९० च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी चढवली होती. तीच टोपी आतड्यात नेली तर? टोकापुढे चार-पाच मिलिमीटर आलेली तिची कड घडीवर टेकवायची, हलकेच दाबायची, घडी आडवी झोपते आणि मागची बाजू समोर येते. शिवाय अस्तराला टेकून कॅमेऱ्यासमोर जे लाल धुकं पसरतं तेही टळतं, कारण टोपीमुळे अंतर राखलं जातं. जपानी डॉक्टरांना ती आवडली, जगभर चाचण्या झाल्या. निकाल मात्र मनासारखे आले नाहीत. नेदरलँड्समध्ये २०१२ साली तेराशेवर लोकांवर केलेल्या चाचणीत टोपी असो वा नसो, ॲडेनोमा सापडण्याचं प्रमाण सारखंच राहिलं, २८ टक्के. दुर्बीण सीकमला लवकर पोचत होती आणि रुग्णाला त्रास कमी होत होता, एवढं खरं. ज्या कामासाठी टोपी घातली होती ते तेवढं साधलं नव्हतं.

कॅलिफोर्नियाच्या अवांटिस कंपनीने उलटा विचार केला. घडी दाबण्यापेक्षा मागे वळूनच का बघू नये? त्यांची 'थर्ड आय' ही बारीक दुर्बीण मुख्य दुर्बिणीच्या पोकळीतून आत सरकायची आणि बाहेर पडल्यावर एकशे ऐंशी अंशांत वळून उलट दिशेला बघायची. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी. सुटलेले कोंब खरोखर सापडू लागले. पण पोकळी एकच. तिच्यात ही नळी असली की पाणी-मळ खेचून घेण्याची ताकद घटायची, आणि कोंब सापडला की तो कापायचा फास आत घालण्यासाठी आधी ही नळी बाहेर काढावी लागायची. दिवसाला दहा-बारा तपासण्या करणाऱ्या माणसाला हा खटाटोप परवडणारा नव्हता, आणि ते यंत्र मागे पडलं. इस्रायली बनावटीच्या, तीन बाजूंना तीन कॅमेरे असलेल्या 'फ्यूज' दुर्बिणीचीही तीच गत. २०१४ च्या पहिल्या चाचणीत तिने सुटणारे ॲडेनोमा ४१ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणले आणि सगळे थक्क झाले. पण इटलीतल्या पुढच्या मोठ्या तुलनेत साध्या दुर्बिणीहून ती सरस ठरली नाही.

या धांदलीत दोन निबंधांनी वेगळाच बाँब टाकला होता. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावच्या रॉबर्ट बार्कले यांनी बारा डॉक्टरांच्या सुमारे आठ हजार तपासण्या पाहिल्या. २००६ मध्ये त्यांनी जे छापलं ते असं: एका डॉक्टरला ९.४ टक्के लोकांत ॲडेनोमा सापडत होता, दुसऱ्याला ३२.७ टक्क्यांत. यंत्र तेच, गाव तेच. फरक कशात? परत येताना कोण किती वेळ देतो यात. सरासरी सहा मिनिटं किंवा अधिक देणाऱ्यांना २८.३ टक्क्यांत सापडत होते, घाईत बाहेर पडणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डग्लस कॉर्ली यांनी तीन लाखांवर तपासण्यांचा माग काढून पुढची कडी जोडली: डॉक्टरचं ॲडेनोमा सापडण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं की त्याच्या रुग्णाला पुढे कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी घटतो. त्या दिवसापासून हा आकडा डॉक्टरांचं प्रगतिपुस्तक झाला. ज्यांचा कमी होता त्यांना सहा मिनिटांचं घड्याळ लावून घेणं हा फुकटातला उपाय होता. पण माणूस सवय बदलण्यापेक्षा वस्तू विकत घेणं लवकर पत्करतो, आणि डॉक्टर काही याला अपवाद नाहीत.

वस्तू आली ती इंग्लंडच्या लीड्समधून. आर्क मेडिकल डिझाइन या छोट्या कंपनीचा 'एंडोकफ'. हातात घेतला तर काही वाटू नये असा: प्लास्टिकची आखूड बांगडी, दुर्बिणीच्या टोकावर घट्ट बसणारी, आणि तिच्या अंगाला बाहेर निघालेली मऊ, लवचीक बोटं. पहिल्या नमुन्यात बोटांच्या दोन रांगा होत्या. सुधारून आलेल्या 'एंडोकफ व्हिजन'मध्ये एकच रांग, आठ बोटांची, जरा लांब. सगळी युक्ती या बोटांच्या मुळाशी असलेल्या बिजागरीत आहे. दुर्बीण आत जाताना बोटं मागे दुमडून अंगालगत चिकटतात आणि वाट अडवत नाहीत. परत ओढायला लागलं की ती उलटी उघडतात, घड्यांत अडकतात आणि एकेक घडी हळूच मागे खेचून सपाट करतात. आतडं टोकाभोवती ताणलं जातं, कॅमेरा मध्यावर स्थिर राहतो, घडी सुटून झटकन पुढे निघून जात नाही. शिवाय दुर्बिणीची पोकळी मोकळीच राहते. कोंब दिसला की फास आत. थर्ड आयला जे जमलं नाही ते इथे एका बांगडीने साधलं. तपासणी संपली की ती फेकून द्यायची.

कसोटी लागली इंग्लंडच्या 'ॲडेनोमा' नावाच्याच चाचणीत. उत्तर इंग्लंडचे कॉलिन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णालयांतल्या १,७७२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. अर्ध्यांना बांगडीसह तपासलं, अर्ध्यांना बांगडीविना. २०१९ साली 'गट' या नियतकालिकात निकाल आला. सगळे मिळून प्रमाण ३६.२ वरून ४०.९ टक्क्यांवर गेलं. आणि शौचाच्या चाचणीत रक्ताचा अंश सापडल्यामुळे सरकारी तपासणी कार्यक्रमातून आलेल्यांत ते ५०.९ वरून ६१.७ झालं. सुमारे चार टक्के रुग्णांत आतडं अरुंद किंवा फार वळणाचं निघाल्याने बांगडी काढावी लागली, आत शिरतानाचा त्रास किंचित वाढला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने त्याच वर्षीच्या जूनमध्ये या वस्तूवर मार्गदर्शिका काढली आणि २०२० साली ऑलिम्पसने लीड्सची ती कंपनीच विकत घेतली. १९६९ मध्ये ज्यांच्या दुर्बिणीने शिन्यांनी पहिला कोंब कापला, त्यांच्याच दुकानात ही बांगडी आली.

इथे भाट होऊन चालणार नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीत, २०१७ साली, जुन्या एंडोकफसह आणि त्याविना दोन्हीकडे ५२ टक्के लोकांतच ॲडेनोमा सापडला. एकेका रुग्णामागे कोंबांची संख्या तेवढी वाढली. आणखी खोलात गेलं तर कारण दिसतं. ज्या डॉक्टरांचं प्रमाण आधीच चांगलं, त्यांना बांगडी फारसं देत नाही. ज्यांचा हात मध्यम, त्यांना ती वर उचलते. म्हणजे ती कौशल्याची उणीव भरून काढते. इस्रायलहून आलेली रबरी कड्यांची 'एंडोरिंग्ज' आणि फुगा फुगवून घड्या सपाट करणारी 'जी-आय' दुर्बीण हीही याच वाटेने गेली. आणि आता पडद्यावर कोंबाभोवती चौकट काढून दाखवणारी संगणकीय नजर आली आहे. अमेरिकेत तिला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. तिची मर्यादा ऐकून ठेवण्यासारखी आहे. पडद्यावर आलेलं ती सोडत नाही, पण घडीमागे राहिलेलं तिला दिसणारच नाही. घडी उलगडायला हात किंवा बांगडीच लागते.

हे सगळं बोरगावच्या माणसाला किती लागू?

आपल्याकडे हा कर्करोग मुळात कमी. मुंबईत डॉ. जस्सावाला यांनी १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू केली, पुणे, औरंगाबाद आणि १९८० मध्ये नागपूरची त्यामागून आली, आणि १९८७ पासून बार्शीची ग्रामीण नोंदवही आहे. या सगळ्या वह्यांत मोठ्या आतड्याचा आकडा पाश्चात्य देशांच्या मानाने लहानच दिसत आला. देशाचा हिशेब लाखामागे पाचच्या आसपास, पश्चिम युरोपात तिसाच्या घरात. म्हणून सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, आतडं नाही. आणि साधनं थोडी असताना हे बरोबरच आहे असं माझं मत. आपले दुर्बीणतज्ज्ञ जगाच्या तोडीचे आहेत. मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना या कामासाठी २०१३ साली पद्मश्री मिळाली. पण इथल्या कोलोनोस्कोपीची नजर घडली ती आतड्याचा क्षय, आमांश आणि व्रण शोधण्यात, निरोगी माणसात बारीक कोंब हुडकण्यात नव्हे. इंग्लंडमध्ये ज्या गटात बांगडीने सर्वाधिक फरक पाडला तो आधीच चाळून आणलेला होता, आणि आपल्याकडे ती चाळणीच नाही. तेव्हा एखाद्या रुग्णालयाने एंडोकफची जाहिरात केली म्हणून तिथे धाव घेण्याचं कारण नाही. सावकाश, स्वच्छ आतड्यात, सीकमपर्यंत केलेली साधी तपासणी घाईच्या बांगडीवाल्या तपासणीहून बरी.

आपलं नुकसान आधीच्या पायरीवर होतं. शौचावाटे रक्त गेलं की आमच्या भागात पहिलं वाक्य येतं, 'काही नाही, मूळव्याध असन.' मग तिखट बंद, चूर्ण सुरू, कुणी सांगितलेली पुडी, कुठेतरी घेतलेलं इंजेक्शन. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, म्हणूनच उरलेल्यांचा घात होतो. सौंसर-पांढुर्ण्याहून नागपूरचं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठायला सकाळची एसटी पुरते; तरी तिथे पोचेपर्यंत वजन उतरलेलं असतं, रक्त सहा-सातवर आलेलं असतं आणि कोंबाचा गोळा झालेला असतो. तो दिसायला कुठल्याच बांगडीची गरज उरत नाही.

तर चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला सांगणं इतकंच. रक्त जात असेल, शौचाची सवय महिनाभर बदललेली असेल, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर मूळव्याध गृहीत न धरता डॉक्टरांना दुर्बिणीबद्दल विचारा. आदल्या रात्रीचं औषधाचं पाणी सांगितलं तेवढं सगळं प्या, कारण मळ राहिला तर चांगल्यातला चांगला डॉक्टरही आंधळा होतो. आणि रिपोर्ट हातात आला की त्यात दोन नोंदी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत पोचली का, आणि आतडं किती स्वच्छ होतं. नसतील तर तिथेच उभं राहून विचारून घ्या.